‘हे बुद्धीनं कळायचं नाही’

प्रवचन संपतं आणि प्रश्नांची वेळ येते. मागच्या रांगेतून कुणी विचारतो, आत्मज्ञान झालं हे ज्याला झालं त्याला तरी कशावरून कळतं? वक्ता मंद हसतो. ‘‘हे बुद्धीनं कळायचं नाही.’’ विचारणारा खाली बसतो. प्रश्न खरोखर बुद्धीच्या आवाक्याबाहेरचा होता की फक्त वक्त्याच्या, हे त्या उत्तरावरून ठरवता येत नाही. मराठी कानांना हे वाक्य इतकं सवयीचं झालं आहे की ते पहिल्यांदा कुणी, कुणाला आणि कशाच्या जोरावर म्हटलं याची चौकशी आपण करत नाही. ती केली तर दिसतं ते असं, की ज्यांनी हे वाक्य कमावलं त्यांतले बरेचजण वाद घालण्यात कुणाला हार न जाणारे होते.

सगळ्यात जास्त हवाला दिला जातो तो कठोपनिषदाचा. यम नचिकेताला सांगतो की आत्मा प्रवचनानं लाभत नाही, बुद्धीनं लाभत नाही, पुष्कळ ऐकूनही लाभत नाही. त्याच्या थोडं आधी त्यानं असंही म्हटलेलं असतं की ही समज तर्कानं मिळवता येत नाही. बहुतेक प्रवचनं इथंच थांबतात. उपनिषद मात्र थांबत नाही. लगेच पुढच्या वल्लीत रथाचं रूपक येतं, आणि त्या रथाचे लगाम धरणारी बुद्धी असते. त्याच वल्लीत आणखी काही मंत्रांनंतर यम म्हणतो की सर्व भूतांत दडलेला हा आत्मा सूक्ष्मदर्शी माणसांना दिसतो, आणि तो दिसतो धारदार, सूक्ष्म बुद्धीनंच. एकाच तोंडून, एकाच शिष्याला सांगितलेल्या या दोन गोष्टी. आधुनिक अभ्यासक म्हणेल, ग्रंथ वेगवेगळ्या थरांनी बनला असेल. असेलही. पण हे थर एकत्र लावणाऱ्याला त्यात अडचण वाटली नाही, हेही तितकंच खरं. त्याच्या दृष्टीनं ऐकीव माहिती गोळा करणारी बुद्धी वेगळी होती आणि घासूनपुसून बारीक झालेली बुद्धी वेगळी. नकार पहिलीला होता.

बृहदारण्यकात हे वाक्य जरा धमकीच्या स्वरात येतं. जनकाच्या सभेत गार्गी विचारत सुटते: हे सगळं पाण्यात आडवंउभं ओवलेलं असेल तर पाणी कशात ओवलेलं आहे? मग वारा कशात? एकेक लोक चढत ती ब्रह्मलोकापर्यंत पोचते आणि पुढचा प्रश्न विचारते, तेव्हा याज्ञवल्क्य म्हणतो, गार्गी, अति विचारू नकोस, डोकं गळून पडेल. गार्गी बसते. एका बाईला भर सभेत गप्प केल्याची गोष्ट म्हणून हा प्रसंग सांगितला जातो आणि त्यात काही चूक नाही. मात्र गोष्ट तिथं संपत नाही. मध्ये उद्दालक आरुणीची पाळी होते आणि गार्गी पुन्हा उठते. या वेळी ती सभेची परवानगी घेते, दोन बाणांसारखे दोन प्रश्न आणले आहेत असं सांगते, आणि ‘ओवलेलं कशात’ हाच धागा परत पकडते. आता याज्ञवल्क्याला उत्तर द्यावं लागतं आणि तो अक्षरब्रह्माचं विवेचन करतो. त्यानंतर, या माणसाला वादात कुणी जिंकणार नाही, हा निकालही गार्गीच देते.

या वाक्याला खरा तार्किक पाया मिळतो तो मैत्रेयीच्या संवादात. घर सोडून निघालेला याज्ञवल्क्य बायकोला विचारतो, ज्याच्यामुळे हे सगळं जाणलं जातं त्याला कशानं जाणायचं? जाणणारा हा जाणण्याची वस्तू होऊ शकत नाही. झाला, तर त्याला जाणणारा आणखी कुणी मानावा लागेल आणि ही साखळी कुठं थांबायची नाही. यात गूढ काही नाही. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्गात मांडता येईल असा हा मुद्दा आहे. बुद्धी ज्या पद्धतीनं घडा ओळखते, त्या पद्धतीनं आत्मा ओळखता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. बुद्धी निरुपयोगी आहे असं यातून निघत नाही, कारण हे जे कळलं तेही तिलाच कळलं.

बौद्धांनी हीच गोष्ट आणखी कोरडेपणानं केली. बुद्धांनी जगाच्या अनंतत्वाविषयीचे काही प्रश्न अनुत्तरित ठेवले ते प्रश्नकर्त्याला अवघड वाटतील म्हणून नव्हे, तर दुःख संपवायला त्यांचा उपयोग नाही म्हणून. इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या सुमारास नागार्जुनानं २७ प्रकरणांत गती, काळ, कार्यकारण अशा एकेका कल्पनेचे युक्तिवादानं तुकडे केले आणि जाता जाता बजावलं की व्यवहाराचा आधार घेतल्याशिवाय परमार्थ शिकवता येत नाही. शब्दांपलीकडे जायचं, पण शब्दांच्याच वाटेनं.

आता ज्यांच्या नावावर हे वाक्य सर्रास खपवलं जातं त्या शंकराचार्यांकडे येऊ. ब्रह्मसूत्रांत तर्काला पाया नसतो असं सांगणारं सूत्र आहे. त्यावरच्या भाष्यात आचार्य म्हणतात की एका हुशार माणसाचा तर्क दुसरा हुशार माणूस पाडतो, आणि दुसऱ्याचा तिसरा. इथवर प्रवचनकार खूष. पण तिथंच आक्षेप घेणाऱ्याच्या तोंडी आचार्यांनी एक वाक्य घातलं आहे, ज्याचा आशय असा की तर्काला पाया नाही, हे तुम्ही ठरवलंत तेही तर्कानंच ना? ज्या सूत्राची बाजू घ्यायची त्यालाच इतका बोचरा प्रश्न स्वतःच्या भाष्यात नोंदवून ठेवायला धारिष्ट लागतं. त्यांचं उत्तर तर्क टाकून द्या असं नाही. श्रुतीला धरून चालणारा तर्क हवा, असं आहे. श्रुतीचा हा अधिकार कुणाला आणि कुणाला नाही, याबद्दल त्याच ग्रंथातल्या पुढच्या-मागच्या अधिकरणांत त्यांनी जे मान्य केलं ते आज आपल्या घशाखाली उतरत नाही. त्याकडे पुढे वळावंच लागेल.

गीतेच्या अठराव्या अध्यायातल्या पन्नासाव्या श्लोकावरचं भाष्य तर आपल्या विषयाच्या थेट गाभ्याशी आहे. आचार्य तिथं एक मत मांडतात: आत्मा निराकार आहे, म्हणून बुद्धी त्याच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून ज्ञाननिष्ठा फार अवघड. म्हणजे हुबेहूब आपलं वाक्य. हे मत कुणाचं? स्वतःला पंडित समजणाऱ्या काही लोकांचं, असं आचार्य म्हणतात आणि पुढं त्याचा समाचार घेतात. गुरुपरंपरा नसलेल्यांना, वेदान्त न ऐकलेल्यांना, मन बाहेरच्या विषयांत गुंतलेल्यांना ते अवघड आहे खरं. उरलेल्यांना उलट बाहेरचं जगच खरं मानणं अवघड जातं. दुसऱ्या अध्यायावरच्या भाष्यात ते याहून स्पष्ट बोलतात. शास्त्र, आचार्यांचा उपदेश आणि शमदम यांनी संस्कार केलेलं मन हेच आत्मदर्शनाचं साधन. मूळ गीतेतही सहाव्या अध्यायात त्या परम सुखाला इंद्रियांच्या पलीकडचं पण बुद्धीच्या पकडीतलं म्हटलं आहे. हा श्लोक प्रवचनांत कमी ऐकू येतो.

आचार्यांच्या काळातच एक भांडण पेटलं, आणि पुढचं सगळं समजायला ते उपयोगी आहे. मंडनमिश्राचं म्हणणं, ‘ते तू आहेस’ हे ऐकून कळतं ते परोक्ष, ऐकीव ज्ञान. ते अपरोक्ष व्हायचं तर पुनःपुन्हा चिंतन, ध्यान हवं. शंकरांचा शिष्य सुरेश्वर हे मान्य करत नाही. त्याच्या बाजूला दहाव्या माणसाची जुनी गोष्ट आहे. दहाजण नदी पार करतात, प्रत्येकजण मोजतो आणि स्वतःला सोडून नऊच भरतात. सगळे रडायला लागतात. वाटसरू येतो आणि सांगतो, दहावा तूच. आता या माणसाला ‘दहावा मीच’ याचं ध्यान करत बसावं लागतं का? वस्तू दूर असेल तर तिच्याबद्दल ऐकून परोक्ष ज्ञान होईल. ती आपणच असू तर ऐकताक्षणी काम झालं. पुढं वाचस्पतिमिश्राची परंपरा ध्यानानं तयार झालेल्या मनाकडे झुकली आणि प्रकाशात्मन्‌ची शब्दाकडे. दोन्हीकडं बुद्धीला कामावरून काढलेलं नाही, हे लक्षात घ्यावं. वाद होता तो तिचं काम किती वेळात संपतं याचा.

मराठीत हा वाद पहिल्यापासून आहे. १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली. तिसऱ्या अध्यायात ज्ञानदेव दोन वाटा दाखवतात. पक्षी उडतो तो थेट फळाला जाऊन भिडतो, माणसाला मात्र फांदीमागून फांदी चढत जावं लागतं. ज्ञानाच्या आधारानं लगेच मोक्ष गाठणारे ते विहंगमाच्या वाटेचे. चढत जाणारे कर्माच्या वाटेचे. हा पक्षी पुढं सहाशे वर्षांनी पुन्हा भेटणार आहे.

‘अमृतानुभव’ हा या सगळ्या मागोव्यातला माझ्या मते सर्वांत नवल वाटावा असा ग्रंथ. गीतेचा आधार सोडून स्वतंत्र लिहायला निवृत्तिनाथांनी सांगितलं, असं परंपरा मानते. दहा प्रकरणं आहेत. सहाव्यात शब्दाचं खंडन आहे, पण त्याआधी शब्दाची अशी स्तुती की वाचणारा गोंधळून जावा. शब्द विसरलेल्याची आठवण करून देतो, अरूपाला दाखवणारा आरसा होतो. मग ज्ञानदेव विचारतात, आत्म्याला स्वतःचा विसर पडला होता कधी? नसेल तर आठवण कुणाला करून द्यायची? शब्दाची सेवा मान्य, पण इथं तिची गरज नाही. सातव्या प्रकरणात, जे सगळ्यांत मोठं आहे, अज्ञानाचं खंडन. अज्ञान म्हणून काही असेल तर ते राहतं कुठं? आत्म्यात राहत असेल तर तो जाणता कसला? बाहेर राहत असेल तर ते जाणलं कुणी? ओवीमागून ओवी ते अज्ञानाला पळायला एकेक दार उघडून देतात आणि तिथं आधीच उभे असतात. आठव्यात ज्ञानाचंही खंडन. अज्ञान नसेल तर त्याला घालवणारं ज्ञान तरी कशाला हवं?

या ग्रंथाच्या तिसऱ्या प्रकरणातली एक जागा कुणाला माहीत नसते. ज्ञानही बंधन आहे, या मताला शिवसूत्रांचा आणि गीतेचा आधार मिळतो. ज्ञानदेव तो नोंदवतात आणि म्हणतात की शिवानं किंवा श्रीकृष्णानं सांगितलं या लोभानं आम्ही हे मानत नाही. त्यांनी सांगितलं नसतं तरी ते तसंच होतं. विशीतला माणूस, संन्याशाचा मुलगा म्हणून ज्याच्या मुंजीला शास्त्र्यांनी नकार दिल्याची कथा आपण सांगतो, तो देवाच्या साक्षीवरही आपलं म्हणणं उभं करायला तयार नाही. हा माणूस ‘बुद्धी बाजूला ठेवा’ म्हणेल यावर माझा विश्वास नाही. आठव्या प्रकरणाला पोचायला त्याला सातव्याच्या जवळजवळ तीनशे ओव्या लागल्या. आजचे पुष्कळ वक्ते आठव्यापासून सुरुवात करतात.

मग नकाराला दुसरं एक तोंड फुटलं, आणि इथं मघाचा अधिकाराचा प्रश्न परत येतो. ज्यांना श्रुती ऐकायची बंदी होती त्यांच्यासाठी ‘हे शास्त्र्याच्या बुद्धीनं कळायचं नाही’ हे वाक्य मोकळं करणारं होतं. वारकरी संतांनी ते पंडितांच्या तोंडावर फेकलं. तुकोबांना कोरड्या ब्रह्मज्ञान्यांचा आलेला वीट गाथेत पानोपानी आहे. एकच वाक्य, पण खालून वर म्हटलं की त्याचा अर्थ वेगळा, आणि वरून खाली म्हटलं की वेगळा. मात्र तुकोबांना गुरू मानणाऱ्या बहिणाबाईंनी (१६२८–१७००) काय केलं पाहा. जातीवर ब्राह्मण्य ठरतं का, हा प्रश्न घेऊन एकेक शक्यता मांडून खोडणारी ‘वज्रसूची’ त्यांनी अभंगांत आणली. देह ब्राह्मण का, जीव ब्राह्मण का, वर्ण, कर्म, पांडित्य… सगळं तर्कानं. भक्ती आणि युक्तिवाद एका घरात नांदत नाहीत असं मानणाऱ्यांनी हे अभंग वाचावेत. रामदासांनी दासबोधात तर विवेकाला सोडलंच नाही. त्यांचा राग आहे तो अनुमानावर, म्हणजे अंदाजपंचे बोलण्यावर. त्याच्या समोर ते प्रत्यय ठेवतात.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ‘अनुभव’ या गोष्टीला इंग्रजीतून नवी झिलई चढली. विवेकानंदांचा ‘राजयोग’ १८९६चा. विज्ञान जसं प्रयोगानं सिद्ध होतं तसा धर्म अनुभवानं, हा त्यातला सूर. १९०२मध्ये विल्यम जेम्सनं साक्षात्कारी अनुभवांची चार लक्षणं दिली आणि त्यात पहिलं ठेवलं ते शब्दांत न सांगता येणं. दुसरं लक्षण मात्र असं की त्या अनुभवातून काहीतरी कळल्याची खात्री असते. पहिलं सगळ्यांच्या तोंडी बसलं, दुसरं विसरलं गेलं. श्रुती हे प्रमाण मानणाऱ्या शंकरांना अनुभव हेच प्रमाण मानणारे शंकर करण्यात विवेकानंदांचा हात कसा आहे, हे अनंतानंद रामबचन या अभ्यासकानं पुढं तपशिलानं दाखवलं. आपल्याकडची ‘अनुभव घ्या, विचार करू नका’ ही भाषा वाटते तितकी प्राचीन नाही.

आणि आता जत, विजापूर, जमखंडी या मराठी-कानडी सीमेवरच्या गावांकडे. उमदीचे भाऊसाहेब महाराज (१८४३–१९१४) हे इंचगिरी संप्रदायाचे थोर गुरू. मार्ग नामस्मरणाचा, तासन्‌तास ‘नेमाला’ बसण्याचा, आणि नित्यपाठ दासबोधाचा. त्यांच्या शिष्यांपैकी दोघांनी आपल्या वाक्याला दोन दिशांना नेलं.

पहिले रा. द. रानडे, गुरुदेव रानडे. जन्म जमखंडीचा, १८८६चा. फर्ग्युसनमध्ये तत्त्वज्ञान शिकवलं, पुढं अलाहाबाद विद्यापीठात विभागप्रमुख आणि कुलगुरू झाले. उपनिषदांवरचा त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ १९२६चा, महाराष्ट्रातल्या संतांच्या साक्षात्कारावरचा १९३३चा. ग्रीक तत्त्वज्ञ आणि युरोपातले साक्षात्कारी यांच्या शेजारी ज्ञानदेव-तुकोबांना बसवून हे पुस्तक बोलतं. रानड्यांचं म्हणणं असं की अंतःप्रज्ञा ही बुद्धी, भावना, इच्छा यांच्या विरोधात नसते, ती या सगळ्यांच्या आत शिरून त्यांच्या मागं उभी असते. इतकं लिहून झाल्यावर निंबाळला जाऊन हा माणूस नेमाला बसे. ग्रंथ आणि नेम यांत त्यांना विरोध दिसला नाही, पण साधन मानलं ते नामच.

दुसरे सिद्धरामेश्वर महाराज (१८८८–१९३६), सोलापूर जिल्ह्यातल्या पाथरीचे. शिक्षण बेताचं, विजापुरात व्यापाऱ्याच्या पेढीवर नोकरी. गुरूच्या मागे त्यांनीही ध्यान केलं, खूप केलं. आणि मग ते म्हणू लागले की ध्यान ही पिपीलिकेची वाट आहे, मुंगीची. झाडाला चढेल, पण किती दिवसांत? विहंगमाची वाट विचाराची आहे. ऐकलं, त्यावर मनन केलं, समजलं. गुरुबंधूंना हे रुचलं नाही, असं संप्रदायात सांगतात. रुचेल कसं? आयुष्यभर नेमाला बसणाऱ्याला ती मुंगीची चाल आहे म्हणून सांगणं सोपं नव्हतं. सिद्धरामेश्वरांची निरूपणं वाचली तर ती पद्धत लक्षात येते. स्थूल देह मी का? नाही. सूक्ष्म? कारण? महाकारण? एकेक देह तपासून बाजूला ठेवायचा आणि शेवटी ‘मी ब्रह्म’ या ज्ञानालाही निरोप द्यायचा. हा अमृतानुभवाचाच क्रम, मुंबईतल्या दुकानदारांना आणि कारकुनांना समजेल अशा मराठीत. दहाव्या माणसाची गोष्ट आणि मंडनमिश्राचा आक्षेप पुन्हा समोरासमोर आले होते, आणि या वेळी दोन्ही पक्ष एकाच गुरूच्या घरात होते.

ही निरूपणं ज्यांनी लिहून घेतली त्यांत एक होते मारुती शिवरामपंत कांबळी. वाढले मालवणजवळच्या कांदळगावात, मुंबईत विड्यांचं दुकान चालवलं, शाळा फारशी नाही. १९३३ साली सिद्धरामेश्वरांकडे आले, गुरू तीनच वर्षांत गेले. निसर्गदत्त महाराज म्हणून त्यांना पुढं खेतवाडीतल्या माळ्यावर जगभरातून लोक भेटायला येऊ लागले. परदेशी माणूस इंग्रजीत विचारणार, दुभाषा मराठीत सांगणार, महाराज मराठीत फटकारणार आणि ते पुन्हा इंग्रजीत जाणार. मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा इंजिनिअर, ज्यानं त्याआधी औंध संस्थानाच्या स्वराज्याच्या प्रयोगात हात घातला होता, त्यानं या मराठी संवादांच्या ध्वनिफितींवरून १९७३मध्ये इंग्रजी पुस्तक केलं. त्यात १०१ संभाषणं आहेत.

हे पुस्तक वाचून पश्चिमेत एक समज पसरला, आणि तिथून तो आपल्याकडे परत आला, की एका निरक्षरप्राय विडीवाल्यानं बुद्धीला हाकलून दिलं. पुस्तक उघडून पाहिलं तर प्रश्नकर्ता हटत नाही आणि महाराजही हटत नाहीत. शब्दांत अडकू नका असं ते सारखं सांगतात खरं, पण सांगतात ते समोरच्याच्या वाक्यातलं गृहीतक बोटानं दाखवून. ‘माझं मन अस्वस्थ आहे’ म्हणणाऱ्याला, अस्वस्थ आहे हे ज्याला कळलं तो अस्वस्थ आहे का, असा उलटा प्रश्न येतो. याज्ञवल्क्यानं मैत्रेयीला विचारलं होतं त्याच जातीचा हा प्रश्न. असल्या प्रश्नाला ध्यान लावून उत्तर मिळत नाही, विचारच करावा लागतो. करून झाल्यावर काय उरतं ते ज्याचं त्यानं सांगावं.

निंबाळला अजून नेम होतो. सिद्धरामेश्वरांची समाधी वाळकेश्वरला बाणगंगेवर आहे, तिथं विचाराची वाट मानणारे येतात. पहिल्यांना दुसरे कोरडे वाटतात, दुसऱ्यांना पहिले संथ, आणि दोघंही दासबोध उघडून बसतात.